ट्रेनिंगचे सहा आठवडे, हॉटेलची खोली आणि पोळीभाजी

नव्या नोकरीच्या ट्रेनिंगसाठी कंपनीने मुंबईत हॉटेलात उतरवलं की त्या दिवसांत सगळ्यांत महाग वेळ रात्री साडेआठ-नऊची. दिवसभर वर्गात बसून डोकं भणभणलेलं, कंपनीची बस दारात सोडून गेलेली, खोलीत एसी लागलेला, आणि फोनशेजारी रूम सर्व्हिसचं मेनूकार्ड उभं. त्यातली डाळ खिचडी कोपऱ्यावरच्या उडप्यापेक्षा दुप्पट-तिप्पट भावाची असते, पण कोपऱ्यापर्यंत जायचं त्राण उरलेलं नसतं. सहा आठवड्यांत असे पंधरा फोन झाले की भत्त्यातून जे उरायचं ते तिथेच संपतं. म्हणून हॉटेलात राहून स्वस्तात जेवायचं तर रात्री काय खायचं हे दुपारी जेवतानाच ठरलेलं हवं. बाकी सगळी त्याची तयारी.

खालचे भाव अंधेरी पूर्व, चकाला, मरोळ, साकीनाका या पट्ट्यातले, अंदाजे धरायचे. विमानतळ जवळ असल्याने हॉटेलं इथे दाटीने आहेत आणि आजूबाजूच्या कंपन्या नव्या माणसांना बहुधा इथेच उतरवतात. बीकेसी किंवा लोअर परळला हेच आकडे चांगलेच वर सरकतात.

पहिल्या दिवशी चावी घेतानाच रिसेप्शनवर विचारायचं, बुकिंग कुठल्या प्लॅनचं आहे? ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे सगळी जेवणं. कंपनीच्या मेलमध्ये मोघम ‘जेवणासह’ लिहिलेलं असतं आणि हॉटेलच्या कागदावर सीपी निघतं. हा घोळ पहिल्या दिवशी कळला तर एचआर निस्तरतं, विसाव्या दिवशी कळला तर बिल आपल्या नावावर. एमएपी असेल तर ते एक जेवण रात्रीचं मागून घ्यायचं. दुपारी बाहेर स्वस्त मिळतं, रात्री पर्याय कमी. मग विचारायचं, बाहेरचं खाणं आणि डबा वर खोलीत नेता येतो का? बहुतेक ठिकाणी येतो, पण डिलिव्हरीवाल्याला लॉबीच्या पुढे सोडत नाहीत. शेवटी फ्रिज. खोलीतला मिनीबार, म्हणजे विकतच्या बाटल्यांनी भरलेला छोटा फ्रिज, रिकामा करून द्या म्हटलं तर हाउसकीपिंगवाले सहसा देतात. आपण स्वतः बाटल्या काढून बाजूला ठेवू नयेत. काही मिनीबारना सेन्सर असतो, बाटली उचलली की ती खोलीच्या खात्यावर चढते. आणि लांब राहायचं असताना भरलेला मिनीबार तसाही समोर नको. एमआरपीचा वाद घालण्यातही अर्थ नाही, कारण हॉटेल-रेस्टॉरंटना बाटलीबंद पाणी एमआरपीपेक्षा जास्त भावाने विकता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ सालीच सांगून ठेवलं आहे.

भत्ता कसा मिळतो त्यावर पुढचं सगळं अवलंबून. रोजचा ठरावीक आकडा हातात मिळत असेल, तर वाचलेला प्रत्येक रुपया आपला. बिलं लावून खर्च परत मिळत असेल, तर दिवसाच्या मर्यादेखाली काटकसर करून कंपनीचे पैसे वाचतात, आपले नाही. तिथे कष्ट घ्यायचे ते बिलं सांभाळण्याचे. यूपीआयचा स्क्रीनशॉट अकाउंटवाले बिल धरत नाहीत. पोळीभाजी केंद्रात छापील बिल नसतं, पण शिक्का मारलेली हाताने लिहिलेली पावती मागितली तर देतात. रोज मागायची, आठवड्याची एकदम मागितली तर सगळ्या पावत्या एकाच शाईत, एकाच दिवशी लिहिलेल्या दिसतात आणि परत येतात. आणि काहीही झालं तरी ‘रूमवर लिहा’ म्हणायचं नाही. ते पैसे महिनाअखेरीस पगारातून वळते होतात आणि तोवर आपण ते विसरलेले असतो. खात्याचा तक्ता, ज्याला हे लोक फोलिओ म्हणतात, दर शनिवारी छापून मागायचा. दुसऱ्याच्या खोलीची कॉफी आपल्या नावावर पडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

हॉटेलच्याच रेस्टॉरंटमध्ये बसावं लागलं तर बिलाच्या खालच्या ओळी बघायच्या. ज्या हॉटेलातल्या खोल्या दिवसाला ७५०० रुपयांच्या वर जातात तिथल्या जेवणावर जीएसटी १८ टक्के, बाहेरच्या साध्या हॉटेलात ५ टक्के. सर्व्हिस चार्ज न विचारता लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची सूचना आहे. ‘काढून टाका’ एवढं म्हटलं की पुरतं, भांडावं लागत नाही.

घरून येतानाच सामान आणलं तर पहिला आठवडा सुटतो. झाकणाचे दोन स्टीलचे डबे, एक अर्ध्या लिटरचा आणि एक लहान. चमचा, वाटी, छोटी सुरी (विमानाने येणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत). झाकणाचा, उष्णता धरून ठेवणारा ३५०-४०० मिलीचा मग. ही सगळ्यांत कामाची वस्तू, ती स्वस्तातली घेऊ नये. भांडी घासायच्या वडीचा तुकडा, घासणी, दोन जुने नॅपकिन. खाण्यात मेतकूट, शेंगदाण्याची नाहीतर लसणाची कोरडी चटणी, गूळ, लहान बरणीभर तूप, अर्धा किलो पातळ पोहे. आणि फोडणीची बाटली.

फोडणीची बाटली हा या सगळ्या सामानातला राजा. १०० मिली शेंगदाण्याचं तेल तापवून त्यात एक चमचा मोहरी तडतडवायची, चार-पाच सुक्या मिरच्या, अर्धा चमचा हिंग, गॅस बंद करून अर्धा चमचा हळद. पूर्ण गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बाटलीत भरायची. लसूण, ओली मिरची, ओला कढीपत्ता घालायचा नाही. त्यातल्या पाण्यामुळे तेल खराब होतं, आणि तेलाखाली दडलेला ओला लसूण नुसता वासाचा प्रश्न नसतो, तो खरोखर धोक्याचा. कोरडी ठेवली तर ही फोडणी महिनाभर आरामात राहते. चमचाभर दह्यात, काकडीवर, पोह्यांवर, शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्यावर घालता येते. विस्तवाशिवायच्या खाण्याला घरची चव येते ती तिच्यामुळेच.

नाश्ता प्लॅनमध्ये असेल तर ते दिवसातलं सगळ्यांत स्वस्त जेवण, म्हणजे फुकटचं, आणि बहुतेकजण ते वाया घालवतात. क्रोसाँ, मफिन, कॉर्नफ्लेक्स, ज्यूस घेतला की अकरा वाजता पुन्हा भूक. ताटात आधी अंडी घ्यायची. ऑम्लेटच्या काउंटरवर दोन अंड्यांचं मागितलं तरी तीनचंही करून देतात. उसळ असेल तर ती, इडली-सांबार, दही, एक फळ. बुफेतलं खाणं रुमालात बांधून नेणं हॉटेलला चालत नाही आणि ते बरंही दिसत नाही. पण बस सातच्या आधी सुटणार असेल तर पॅक ब्रेकफास्ट हा आपला हक्कच. फक्त तो आदल्या रात्री नऊ-दहापर्यंत रिसेप्शनला सांगावा लागतो, कारण किचन रात्रीच आकडा मोजतं. सकाळी मागितला तर दोन ब्रेडचे तुकडे आणि एक सफरचंद हातात पडतं.

दुपारी ट्रेनिंग सेंटरचं कॅन्टीन असेल तर तिथेच, आणि पोटभर. नसेल तर उडप्याकडची राइस प्लेट. ‘लिमिटेड’ ११० ते १४० च्या आसपास: तीन पोळ्या किंवा चार पुऱ्या, दोन भाज्या, डाळ किंवा सांबार, रस्सम, भात, ताक. ‘अनलिमिटेड’ तीस-चाळीस रुपयांनी महाग, आणि दुपारी परत वर्गात बसायचं असेल तर ती घेऊ नये. तीन वाजता पेन हातातून गळतं. एकला मात्र रांग लागते. बारा चाळीसला नाहीतर दीडनंतर गेलं तर टेबल मिळतं, आणि दुपारची सुट्टी पाऊणच तासाची असेल तर ही पंधरा मिनिटं फार मोठी. प्लेट किती भरेल याचा अंदाज हवा असेल तर शिवभोजन थाळीचं माप डोळ्यांपुढे आणावं. २०२० साली दहा रुपयांत सुरू झालेल्या त्या थाळीत तीस-तीस ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असं ठरवलेलं होतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला एका वेळेला त्याच्या दीडपट पुरतं. त्याहून जास्त जे मागवतो ते कंटाळ्यापोटी.

आता रात्र. मुंबईत रात्रीच्या जेवणाचं खरं उत्तर पोळीभाजी केंद्र. मराठी वस्ती जिथे जिथे आहे तिथे चालण्याच्या अंतरावर एक तरी असतंच. बाहेर फळ्यावर त्या दिवसाच्या भाज्या खडूने लिहिलेल्या, आत चार-पाच बाया पोळ्या लाटतायत. घडीची पोळी १० ते १२ रुपये, ज्वारीची नाहीतर तांदळाची भाकरी २० ते २५, सुकी भाजी किंवा उसळ ४०-५० रुपयांना एक डबी, वरण-आमटी ३०-४०. तीन पोळ्या, एक उसळ आणि किराणा दुकानातून दोनशे ग्रॅम दही: शंभराच्या आसपास रात्रीचं जेवण झालं.

वेळ इथे सगळं ठरवते. संध्याकाळची पोळी पाच-साडेपाचला सुरू होते, सातला भरात असते आणि साडेआठला काउंटर पुसून झालेलं असतं. भाकरी तर आठच्या आतच संपते. म्हणून दुपारी जेवताना केंद्राला फोन किंवा व्हॉट्सॲप: ‘तीन पोळ्या, एक मटकी, आठपर्यंत येतो.’ चार-पाच दिवस नेमाने गेलं की नुसतं ‘नेहमीचं’ पुरतं आणि साडेआठ झाले तरी पिशवी बाजूला काढून ठेवलेली असते. पण सांगून न येणारा मुलगा एकदा ठरलात की मग काउंटरवर जे उरलं ते. काकूंना ‘काकू’च म्हणायचं, ‘मॅडम’ म्हटलेलं त्यांना रुचत नाही.

आपला स्टीलचा डबा न्यायचा. प्लॅस्टिकच्या डबीचे पाच-दहा रुपये वाचतात, आणि मुख्य म्हणजे रस्सा बॅगेत सांडत नाही. तरीही रात्रीसाठी सुकी भाजी घेणं शहाणपणाचं. रस्साभाजीला खोबऱ्याचं वाटण असतं आणि मुंबईच्या दमटात खोबरं सगळ्यांत आधी आंबतं. आठला घेतलेली दहाला खाल्ली तर ठीक, सकाळसाठी ठेवली तर फेकायची. पोळ्या गरम असताना फॉइलमध्ये घट्ट गुंडाळल्या की आतल्या वाफेने ओल्या होऊन चिकटतात. खोलीत आल्या आल्या पुडकं पाच मिनिटं उघडं ठेवायचं. दोन पोळ्या जास्तीच्या घ्यायच्या. त्या दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळसाठी: हाताने कुस्करायच्या, दोन चमचे गूळ, एक चमचा तूप, दाबून दोन लाडू. विस्तव लागत नाही, डब्यात सांडत नाहीत, आणि पाच वाजताच्या भुकेला यासारखं उत्तर नाही.

केंद्र लांब असेल तर हिशेब बदलतो. रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे. जाऊन-येऊन ५२, म्हणजे चार-पाच पोळ्या रिक्षाने खाल्ल्या. एक किलोमीटरपर्यंत चालायचं, त्यापुढे रेल्वेचा विचार करायचा. ट्रेनिंग सेंटरवरून येताना अंधेरी स्टेशन लागत असेल तर शेजारच्या विलेपार्ल्याला उतरून पूर्वेला बाहेर पडायचं: सेकंड क्लासचं तिकीट पाच रुपये, आणि पार्ले पूर्वेला अशा केंद्रांची वाण नाही. सायन-माहीमच्या दक्षिणेला रिक्षा चालतच नाहीत, तिथे हॉटेल असेल तर बस आणि पाय.

सणाचं मात्र ध्यानात ठेवावं. गणपतीत यातली बरीच केंद्रं पाच-सात दिवस बंद असतात, कारण चालवणारे आणि लाटणाऱ्या दोघेही कोकणात गेलेले. त्या आठवड्याची सोय आधी लावायची.

लावलेला डबा, म्हणजे खानावळीचा, हॉटेलात राहणाऱ्याला सरसकट सोयीचा नाही. एका वेळेचे ९० ते १३० पडतात, जेवण बरं असतं, पण ट्रेनिंगच्या बॅचचं जेवण कधी अचानक कंपनीकडून असतं, कधी वर्ग नऊपर्यंत लांबतो, आणि डबा तोवर सिक्युरिटीच्या टेबलावर गार झालेला असतो. लावायचाच असेल तर आधी दोन दिवस सुटा घ्यायचा. सुट्टी किती वाजेपर्यंत कळवली तर पैसे कापत नाहीत हे विचारायचं. रविवारी रात्री बंद असतो का ते विचारायचं (असतो). डब्यावर नाव आणि खोली क्रमांक ठसठशीत. रिकामा डबा सकाळी खाली ठेवायला विसरलं की दुसऱ्या दिवशीचा येत नाही. आणि डबेवाले? १८९० पासून चालत आलेली ती व्यवस्था घरचा डबा कचेरीत पोहोचवण्याची आहे, तिला आधी घर लागतं. मुंबईत मावशी किंवा आत्या असेल आणि ती आग्रह करत असेल, तर महिन्याचे पैसे आपण भरून दुपारचा डबा त्या वाटेने मागवता येतो. संकोच करू नये, पण तिला तेल-डाळीचं सामान आणून द्यावं.

केंद्र चुकलंच तर रात्री उडप्याकडे थाळी बहुधा नसते, मेनूकार्ड असतं, आणि तिथे हात आखडतो. पनीर, तंदूर, चायनीज ही पानं उलटून पुढे जायचं. दहीभात, इडली-सांबार, नाहीतर दोघांत एक डाळ खिचडी. सांबार परत मागितलं तर देतात. खोलीत जोडीदार असेल तर सर्वांत फायद्याचं गणित म्हणजे एक डाळ फ्राय पार्सल दोघांत आणि पोळ्या केंद्रातून. हॉटेलातली एक तंदुरी रोटी ज्या भावाला पडते त्यात केंद्राच्या तीन पोळ्या येतात. अंडी खाणाऱ्याला भुर्जीची गाडी आहेच: दोन अंड्यांची भुर्जी आणि दोन पाव साठ-सत्तरात, तव्यावरून थेट ताटलीत, म्हणून पावसातही त्यातल्या त्यात निर्धोक. वडापाव मात्र जेवण म्हणून धरू नये. वीस रुपयांत पोट भरल्यासारखं वाटतं, दहाला परत भूक लागते आणि मग तो फोन.

ॲपवरून मागवणं हा मधला मार्ग वाटतो, नसतो. तिथल्या पदार्थाचा भाव दुकानातल्यापेक्षा आधीच वाढवलेला, त्यावर पॅकिंग, प्लॅटफॉर्म फी, डिलिव्हरी, कर. १२० ची थाळी १९०-२०० ला सहज पडते. चौघांनी मिळून एकाच ठिकाणाहून मागवलं तर ठीक. एकट्याने नाही.

खोलीतल्या केटलविषयी सविस्तर लिहायला हवं, कारण सगळे उपद्व्याप तिच्यातच होतात. केटल पाण्यासाठी. दूध घातलं की ते तळाशी करपतं, आणि उतू जातं, कारण केटल बंद होते ती वाफ वरच्या खटक्यापर्यंत पोहोचल्यावर. दुधाचा फेस त्याच्या आधीच झाकणातून बाहेर येतो. मॅगी त्यातच शिजवली तर मसाला तळाला बसतो आणि वास जात नाही. हॉटेल केटलचे पैसे लावतं. अंडी उकडण्याचाही तोच प्रकार: पाणी उकळताच केटल बंद पडते, अंड्याला दहा-बारा मिनिटं हवीत. स्टेशनबाहेरच्या गाडीवर उकडलेलं अंडं दहा-बारा रुपयांना मिळत असताना हा खटाटोप कशाला? इंडक्शन शेगडी तर आणूच नये. खोलीतला साधा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट. शेगडी मागते १८०० ते २०००. एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की वीज तोडणारा खटका, पडतो, शेजारच्या दोन खोल्याही अंधारात जातात, आणि फोडणीच्या धुराने स्मोक डिटेक्टर वाजला तर मग बोलायलाच नको.

उकळतं पाणी आणि झाकणाचा मग मात्र पुष्कळ पुरतो. उपम्याचं कोरडं मिश्रण घरून करून आणता येतं. पाव किलो बारीक रवा. तीन मोठे चमचे तेलात मोहरी, उडीद डाळ, हिंग, कढीपत्ता घालायचा आणि कढीपत्ता हाताने चुरला जाईल इतका कडक होऊ द्यायचा, ओलसर राहिला तर मिश्रणाला बुरशी येते. त्यात रवा खमंग भाजून दीड चमचा मीठ, एक चमचा साखर, थोडं तिखट, पाव चमचा लिंबूसत्त्व. गार करून घट्ट डब्यात. एका वेळेला मगात चार भरगच्च चमचे, म्हणजे ५० ग्रॅम, त्यावर १५० मिली उकळतं पाणी, भराभर ढवळून झाकण, आठ ते दहा मिनिटं. बिघडतं ते तीन कारणांनी: पाणी उकळी संपल्यावर दोन मिनिटांनी ओतलं, झाकण मध्येच उघडलं, किंवा रवा जाड होता. तिन्हीत दाताखाली कच्चा लागतो.

पोह्यांना तर पाणीही लागत नाही. दोन मोठ्या मुठी पातळ पोहे, बारीक चिरलेली अर्धी काकडी, अर्धा टोमॅटो, लिंबाची एक फोड, चिमूट साखर, मीठ, फोडणीच्या बाटलीतला एक चमचा तेल. हलकेच कालवून वर वाटी दाबून पंधरा मिनिटं. दडपे पोहेच ते, नारळाच्या पाण्याऐवजी काकडीच्या पाण्यावर. पोहे धुवायचे नाहीत, लगदा होतो. कांद्याने चव वाढते खरी, पण हॉटेलच्या खिडक्या उघडत नाहीत आणि तो वास दोन दिवस उशीला येतो. दुसरा प्रकार दहीपोहे: तेवढेच पोहे, दोनशे ग्रॅम दही, चमचाभर मेतकूट, मीठ. उशीर झालेल्या रात्री खोलीत हे दोन्ही जिन्नस आहेत एवढं माहीत असलं तरी फोनकडे हात जात नाही.

तयार पाकिटातली आमटी-भाजी असते ती बंद पाकिटासकट गरम पाण्यात ठेवून तापवायची असते. केटलमध्ये कोंबायची नाही. स्टीलच्या डब्यात किंवा बेसिन बुच लावून त्यात उकळतं पाणी, पाकीट बुडेल इतकं, सहा-सात मिनिटं. महिन्यातून दोनदा ठीक. मीठ फार असतं.

फ्रिजवर भरवसा ठेवू नये. मिनीबारचा फ्रिज बाटली गार करण्यापुरता, घरच्याइतका थंड होत नाही. वर बऱ्याच हॉटेलांत चावीचं कार्ड खाचेतून काढलं की खोलीची वीज जाते आणि फ्रिजही त्याच लाइनवर असतो. तपासायचं कसं? सकाळी फ्रिजमध्ये लोण्याचा तुकडा ठेवून जायचं, संध्याकाळी आल्या आल्या मऊ पडलेला दिसला तर दिवसा वीज बंद असते. मग दही त्या रात्रीपुरतंच आणायचं आणि दूध टेट्रापॅकचं, दोनशे मिलीचं, फोडेपर्यंत फ्रिज लागत नाही ते. उरलेला भात कधीही ठेवायचा नाही. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलेल्या भातात जे जंतू विष सोडतात ते परत गरम केल्यानेही जात नाही, आणि पोट बिघडून बुडालेला ट्रेनिंगचा दिवस कुठल्याही जेवणापेक्षा महाग. मासे-चिकन उरवून ठेवणं तर नाहीच. मासे खायचे तर आठवड्यातून एकदा मालवणी खानावळीत बसून बांगडा थाळी खावी. सुरमई-पापलेटच्या पाटीकडे बघू नये. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा भाव चढलेले आणि माल बर्फातला.

भांडी बेसिनमध्ये घासताना आधी खरकटं कागदाने पुसून पिशवीत टाकायचं. भाताची चार शितं आणि पोळीचं पीठ एवढ्यानेही तो बारीक पाइप तुंबतो. पिशवी रात्रीच कॉरिडॉरच्या कचऱ्याच्या डब्यात. खोलीत राहिली तर सकाळी मुंग्यांची रांग. गूळ आणि लाडू स्टीलच्या डब्यात, कागदात नव्हे.

पाण्याला पैसे घालवू नयेत. रोजच्या दोन बाटल्या हॉटेल देतंच. कमी पडल्या तर रेस्टॉरंटमधून जग भरून मागायचा, किंवा रात्री केटलभर पाणी उकळून झाकून ठेवायचं आणि सकाळी बाटल्या भरायच्या.

संध्याकाळी पाच ते सात या वेळेत पैसे झिरपतात ते कळत नाहीत: कॅफेतली कॉफी, सँडविच, एखादा रोल. खिशात शंभर ग्रॅम फुटाणे-शेंगदाणे, दोन केळी, नाहीतर वरचे पोळीचे लाडू आणि एक कटिंग चहा; वीस-पंचवीस रुपयांत भागतं. केळी अर्धा डझनच आणायची, पावसाळ्यात डझनातली शेवटची चार काळी पडतात, आणि फ्रिजमध्ये ठेवली तर आणखी लवकर. जून ते सप्टेंबर चिरलेली फळं, गाडीवरची हिरवी चटणी आणि बर्फ वर्ज्य.

रविवारी वर्ग नसतो तेव्हा दोनच जेवणं करावीत. नाश्ता बुफे बंद व्हायच्या अर्धा तास आधी, सावकाश. आणि दुसरं संध्याकाळी सहा-साडेसहाला. मधल्या वेळात दादरला जाऊन आठवड्याचं सामान: मेतकूट, चटण्या, पातळ पोहे, लाह्या. मेट्रोने घाटकोपरला गेलं तर खाकरे. महिनाभर टिकतात आणि दह्याबरोबर जेवणाची जागा घेतात. आणि एखाद्या रविवारी ही सगळी काटकसर बाजूला ठेवून दुपारी माटुंग्याला, स्टेशनला लागूनच असलेल्या रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर जेवावं. १९४२ पासून ते लोक हेच करतायत. रांग असते, पण रूम सर्व्हिसच्या एका खिचडीहून तो खर्च जास्त नाही, आणि त्या रात्री जेवायची गरज पडत नाही.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही आणायचं नाही, असलेलं संपवायचं. खानावळीचा डबा परत, अनामत घेऊन. केंद्रातली उधारी असेल तर ती फेडून. काकू वहीत लिहून ठेवतात आणि विसरत नाहीत. चेक-आउटच्या आदल्या रात्री फोलिओ मागायचा, सकाळी नाही. सकाळी काउंटरवर गर्दी असते, टॅक्सी खाली उभी असते, आणि मिनीबारच्या नावाने पडलेले तीनशे रुपये वाद घालायला वेळ नाही म्हणून भरले जातात.